आधी सैल, मग गुण्यात, मग घट्ट
यंत्र आणि हत्यारं : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात बहुतेक पत्रं एकाच विषयाची आहेत: सुट्या भागांचं किट मागवून घरी थ्रीडी प्रिंटर, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकचे थर घालून वस्तू बनवणारं मशीन, जोडणं. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवताना नव्या मुलांच्या हातात पहिल्यांदा कानस द्यायची वेळ यायची, तेव्हा मला जो आनंद व्हायचा तोच ही पत्रं वाचताना झाला. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. सातवीतल्या नातवासाठी थ्रीडी प्रिंटरचं किट मागवलं आहे. खोका आलाय, अजून उघडलेला नाही. घरात एक पकड, एक टेस्टर आणि सायकलचा पाना एवढंच आहे. किटबरोबर हत्यारं येतात म्हणे, ती पुरतील का? बाकीची कुठे मिळतील? (सहकारनगर)

काका, खोका उघडला नाहीत ते उत्तम केलंत. आधी जागा ठरवा. जेवणाचं टेबल चालेल, पण ते काही दिवस जेवायला मिळणार नाही हे घरात आधीच सांगून ठेवा. अर्धं जोडलेलं मशीन उचलून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी परत मांडायचं, यात जेवढे स्क्रू हरवतात तेवढे जोडताना हरवत नाहीत. टेबलावर फिकट रंगाची जुनी चादर पसरा. काळा बारीक स्क्रू तिच्यावर चटकन दिसतो आणि पडला तरी घरंगळत जात नाही.

आता हत्यारं. किटमध्ये ॲलन कीचा, म्हणजे षटकोनी टोकाच्या वाकड्या चाव्यांचा, जुडगा येतो. काही किटमधला चांगला असतो, पुष्कळ किटमधला मऊ पोलादाचा. कीचं टोक उजेडात धरून बघा. षटकोनाच्या सहाही कडा टोकदार दिसायला हव्यात. कडा गोलसर असतील तर ती की बाजूला ठेवा, कारण तिने स्क्रूचं डोकं खाल्लं की तो स्क्रू काढणं हेच एक वेगळं काम होऊन बसतं.

या मशीनमध्ये सगळ्यात जास्त भरणा एम3, म्हणजे 3 मिमी जाडीच्या, स्क्रूंचा असतो. उंच गोल डोक्याच्या एम3 ला 2.5 मिमीची की लागते, घुमटाकार बटन हेडला 2 मिमी आणि पुलीतल्या बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूला 1.5 मिमी. उंच डोक्याच्या एम4 ला 3 आणि एम5 ला 4. या पाच मापांत जवळजवळ सगळं मशीन उभं राहतं. त्यातल्या 2 आणि 2.5 या दोन चांगल्या प्रतीच्या, मूठ असलेल्या घ्या. सगळा ताण त्यांच्यावरच येतो.

इथे एक सापळा आहे, तो नीट समजून घ्या. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात ॲलन की ढिगाने मिळतात आणि त्यात इंची आणि मिलिमीटरच्या मिसळलेल्या असतात. 3/32 इंची की म्हणजे 2.38 मिमी. ती 2.5 च्या खाचेत सहज जाते, थोडी फिरतेसुद्धा, आणि जोर लावला की खाचेचे कोपरे सोलून काढते. बघून हा फरक कळत नाही. व्हर्नियरने मोजलं तरच कळतो. जुन्या बाजारातून व्हाइस घ्या, हातोडी घ्या, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) पारखून घ्या. ॲलन की मात्र नवीनच घ्या.

बाकीचं सांगते. नटांसाठी पाने 5.5 (एम3), 7 (एम4) आणि 8 मिमी (एम5). सायकलच्या पान्याने एम3 चा नट धरू नका, पाना घसरतो आणि बोटाला लागतं. लांब तोंडाची नोज प्लायर, वायर कटर, एक नंबर आणि दोन नंबर टोकाचे फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, 300 मिमीची स्टीलची पट्टी, डिजिटल व्हर्नियर, मल्टिमीटर आणि एक चांगला गुण्या. यातलं काय टाळता येईल असं विचाराल, तर व्हर्नियर उसना आणा, पण गुण्या आणि मल्टिमीटर घरचे हवेत. ते पुढेही रोज उपयोगी पडतात.

पाने, गुण्या, पट्टी रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतील. मल्टिमीटर, फेरूल (वायरीच्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी), उष्णतेने आकसणारी नळी यासाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. गुण्या घेताना दुकानातच तपासा. काचेच्या काउंटरच्या सरळ कडेला टेकवून कागदावर एक रेघ ओढा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. वर जाताना फाकल्या तर तो परत द्या. दुकानदार रागावत नाही. घेणाऱ्याला कळतंय हे बघून उलट आतला चांगला माल काढतो.

हे सगळं आलं की मगच खोका उघडा, आणि तरीही जोडू नका. पहिली संध्याकाळ फक्त मोजणीची. यादी नातवाच्या हातात द्या, तो वाचेल, तुम्ही मोजा. स्क्रू लांबीप्रमाणे वेगळे करा. यासाठी जुनं अप्पेपात्र झकास, एका खळग्यात एक माप. लांबी मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. गोल डोक्याच्या स्क्रूची लांबी डोकं सोडून मोजतात, पण पृष्ठभागात बसणाऱ्या शंकूसारख्या डोक्याच्या स्क्रूची डोक्यासकट. हे माहीत नसेल तर 8 आणि 10 चे स्क्रू हमखास अदलाबदल होतात. आणि त्याने बिघडतं. मोटरच्या तोंडावरचे आटे जेमतेम 4.5 मिमी खोल असतात. लांब स्क्रू तिथे तळाला टेकतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि मोटर मात्र सैलच राहते.

जमलं तर चालू मशीन एकदा डोळ्यांनी बघून या, नातवाला घेऊन. डॉ. कलबागांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात फॅब लॅब, म्हणजे वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा, आहे, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या काही लॅबपैकी एक. आधी फोन करून जा. कुठला भाग कुठे सरकतो हे एकदा बघितलं की पुस्तिकेतली चित्रं आपोआप बोलायला लागतात.

प्रश्न : फ्रेम जोडून झाली, पण टेबलावर ठेवली की एक कोपरा डुगडुगतो. पाणसळ लावून पुन्हा पुन्हा बघतो आहे, बुडबुडा मध्ये येत नाही. स्क्रू आणखी आवळू का? (चिंचवड)

आवळू नका. उलट सगळे अर्धा फेरा सैल करा. आणि पाणसळ कपाटात ठेवा, या कामात तिचा उपयोग नाही. मशीन जमिनीशी समांतर नसलं तरी छापतं. त्याच्या तीन दिशा एकमेकींशी काटकोनात आहेत की नाहीत, एवढंच त्याला कळतं.

प्रत्येक सांधा जोडताना घट्ट करत गेलं की असं होतं. पहिल्या तीन कोपऱ्यांतली बारीकबारीक चूक साठत जाते आणि चौथ्या कोपऱ्यात सगळी एकदम बाहेर येते. तिथे आपण ओढून स्क्रू घालतो आणि फ्रेम कायमची पिळली जाते. फिटरच्या कामात पहिल्या महिन्यापासून मी एकच क्रम सांगत आले: आधी सैल, मग गुण्यात, मग घट्ट. सगळे स्क्रू घाला, हाताने बसतील एवढेच. मग सपाट जागेवर ठेवून काटकोन साधा. मग घट्ट करा, तेही समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून थोडंथोडं.

सपाट जागा म्हणजे कोणती? घरातली सगळ्यात चांगली सपाट जागा स्वयंपाकाचा ग्रॅनाइटचा ओटा. त्याला सिंककडे किंचित उतार असतो, त्याने काही बिघडत नाही. आपल्याला सपाटी हवी, पातळी नको. स्टीलची पट्टी कडेवर उभी धरून ओट्यावर ठेवा आणि खालून उजेड दिसतो का बघा. उजेड न दिसणारा दोन फुटांचा तुकडा सापडला की फ्रेम तिथेच ठेवा. चारही कोपरे दाबून बसवा आणि दाबलेलं असतानाच आवळा.

गुण्याबरोबर कर्णसुद्धा मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील आणि दोन्ही कर्ण सारखे आले तर चौकट गुण्यात आहे. 300 बाय 400 मिमीच्या चौकटीचा कर्ण बरोबर 500 यायला हवा. दोन कर्णांत 1 मिमीचा फरक राहिला तर 100 मिमीच्या वस्तूत साधारण 0.2 मिमी तिरकेपणा येतो. शोभेच्या वस्तूला तो चालेल. डब्याला झाकण छापायचं असेल तर ते बसणार नाही.

फ्रेम ॲल्युमिनियमच्या खाचेच्या दांड्यांची असेल तर दांड्यांची कापलेली टोकंही बघा. एखाद्या टोकावर कापताना उरलेली बारीक धारदार कोर, म्हणजे बर, राहिलेली असते. सपाट कानस हलकेच एकदा फिरवली की ती जाते, आणि पुष्कळदा डुगडुग तिच्यामुळेच असते.

प्रश्न : मी दहावीत आहे. किट मी स्वतः जोडणार आहे, पण आईबाबा म्हणतात यात वीज आहे, तू हात लावायचा नाहीस. मी एकटीने काय काय करू शकते? (वडगाव बुद्रुक)

तुझ्या आईबाबांना हे उत्तर वाचायला दे, मग तिघं मिळून ठरवा.

या मशीनमध्ये वीज दोन जातींची आहे. भिंतीतून पॉवर सप्लायपर्यंत येणारी 230 व्होल्टची आणि सप्लायमधून बाहेर पडणारी 12 किंवा 24 व्होल्टची. फ्रेम, दांडे, बेअरिंग, मोटरी, पट्टे, पंखे आणि कमी व्होल्टच्या सगळ्या वायरी तू खुशाल जोड, फक्त प्लग भिंतीतून काढलेला असताना. 230 चा भाग मात्र जाणत्या माणसासमोर व्हायला हवा, आणि घरात तसं कोणी नसेल तर वायरमनला बोलवा. त्याचं काम बघायला तू शेजारी उभी राहा. त्याने काय काय करायला हवं ते लिहिते, म्हणजे तुला विचारता येईल.

पॉवर सप्लायच्या अंगावर एका भोकात छोटा सरकता स्विच असतो, 115 आणि 230 असं लिहिलेला. आपल्याकडे तो 230 वरच हवा. 115 वर राहिला आणि प्लग लावला तर सप्लाय त्या क्षणी फुटतो, आवाज आणि धुरासकट. काही सप्लायला हा स्विच नसतो, ते दोन्ही व्होल्टेज घेतात. तसं असेल तर लेबलवर लिहिलेलं असतं. पहिल्यांदा प्लग लावण्याआधी हा स्विच प्रत्येकाने स्वतः बघायचा, दुसरा कोणी ‘बघितलंय’ म्हणाला तरी.

तीन पिनांच्या दोरीत तपकिरी वायर फेजची, निळी न्यूट्रलची, हिरवी-पिवळी अर्थिंगची. अर्थिंग सप्लायच्या स्क्रूला लागलंच पाहिजे, आणि फ्रेम धातूची असेल तर फ्रेमलाही. ते तपासायला प्लग काढून मल्टिमीटर लाव, एक टोक प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरं फ्रेमला. बीप वाजली पाहिजे. घरच्या बोर्डात 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का हेही वायरमनला विचारून घ्या.

आता कमी व्होल्टची बाजू. शॉकचा धोका नाही म्हणून ती निर्धोक समजू नकोस. वस्तू जिच्यावर छापली जाते ती तापणारी पाटी, म्हणजे पाट, 120 वॉटचा असेल तर 12 व्होल्टवर 10 ॲम्पिअर ओढतो, आणि सैल जोडातून 10 ॲम्पिअर गेले की तो जोड तापतो, काळा पडतो, वितळतो. बारीक तारांच्या वायरीचं टोक स्क्रूखाली घालायचं असेल तर त्याला सोल्डर लावू नकोस. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही दिवसांत स्क्रू सैल होतो. त्याऐवजी फेरूल दाबून बसव. पहिले काही प्रिंट झाले की प्लग काढून, सप्लायला थोडा वेळ देऊन, हे स्क्रू पुन्हा एकदा बघ.

मशीन चालू असताना मोटरची वायर कधीच काढायची किंवा लावायची नाही, मोटर चालवणारी ड्रायव्हरची चिप जळते. मशीन बंद असताना मोटरची गाडी हाताने जोरात सरकवू नकोस. स्टेपर मोटर फिरवली की तीच वीज तयार करते. हळूच सरकवलीस तर तुला डिस्प्ले किंचित लुकलुकताना दिसेलही. बघण्यासारखी गोष्ट आहे, पण वेग वाढवायचा नाही.

एक चाचणी नक्की कर. सगळं बंद असताना तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरची वायर काढ, मग मशीन चालू करून नोजल (वितळलेलं प्लास्टिक बाहेर टाकणारं तोंड) तापवायला सांग. मशीनने चूक दाखवून नकार दिला पाहिजे. नकार न देता ते तापवू लागलं तर लगेच प्लग काढ आणि विकणाऱ्याकडून फर्मवेअर (मशीनमधला प्रोग्रॅम) दुरुस्त झाल्याशिवाय ते वापरू नकोस. रात्री सगळे झोपल्यावर छापत ठेवायचं नाही, ही अट मी माझ्याकडून घालते आहे.

प्रश्न : प्लास्टिकच्या भागात स्क्रू फिरतच राहतो, आटे गेले वाटतं. गॅरेजवाल्याने थ्रेडलॉकची बाटली दिली आहे. टाकू का? (धायरी)

प्लास्टिकवर थ्रेडलॉक टाकू नका. दोन धातूंच्या मध्ये, हवा न लागता घट्ट होणारं ते द्रव्य आहे. प्लास्टिकमध्ये ते नीट धरत नाहीच, वर एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकना तडे पाडतं. पुलीच्या ग्रब स्क्रूला मात्र निळ्या जातीचा एक थेंब जरूर लावा. लाल नको, तो सुटायला तापवावा लागतो. ग्रब स्क्रू शाफ्टच्या चपट्या बाजूवर बसलाय ना तेही बघा. गोल बाजूवर बसला तर पुली घसरते आणि छापलेल्या वस्तूचे थर सरकतात.

गेलेल्या आट्यांना उपाय आहेत. भाग पुरेसा जाड असेल तर 2 मिमी लांब स्क्रू घाला, तो खालच्या न वापरलेल्या भागात धरतो. मागे जागा असेल तर नट लावा. नाहीतर सोल्डरिंग आयर्नने पितळी इन्सर्ट, म्हणजे आतून आटे असलेली छोटी नळी, बसवा.

पुढच्या वेळी प्लास्टिकमध्ये स्क्रू घालताना आधी उलटा फिरवा. एका ठिकाणी तो ‘टक्’ करून खाली बसल्याचं बोटाला जाणवतं. तिथे जुना आटा सापडलेला असतो. तिथूनच सुलटा फिरवायला लागा. यामुळे एकच भाग पुष्कळदा उघडला तरी आटे टिकतात. नट छापील खाचेत शिरत नसेल तर हातोडी मारू नका. पलीकडून लांब स्क्रू घालून नट त्याच्यावर चढवा आणि स्क्रू आवळत जा, नट सरळ ओढला जाऊन खाचेत बसतो. आणि प्लास्टिकमधला स्क्रू शेवटी आवळताना ॲलन की लांब दांडीने नाही, आखूड बाजूने फिरवा. दोन बोटांना जेवढा जोर असतो तेवढा पुरतो.

प्रश्न : तयार प्रिंटर खोक्यातून काढला की तासाभरात छापायला लागतो. मग किट जोडण्यात वेळ का घालवायचा? (बाणेर)

तुम्हाला फक्त छापील वस्तू हव्या असतील तर तयार मशीन घ्या, त्यात काही चूक नाही.

पण हे मशीन लोकांच्या घरापर्यंत आलं तेच जोडणाऱ्यांमुळे. 2005 मध्ये इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी रेपरॅप प्रकल्प सुरू केला. कल्पना अशी की मशीनने आपल्यासारख्या दुसऱ्या मशीनचे भाग छापावेत, आणि आराखडे सगळ्यांना खुले असावेत. 2008 मध्ये त्यांच्या ‘डार्विन’ने ते करून दाखवलं. पुढच्याच वर्षी वितळलेल्या प्लास्टिकने थर घालण्याच्या पद्धतीचं मूळ पेटंट संपलं आणि जगभर किटं निघाली. तेव्हा मशीन घेणारा प्रत्येक जण ते जोडणाराही होता.

याचा आजचा उपयोग सांगते. नोजल तुंबतं, पट्टा सैल होतो, पंख्यात केस अडकतात, हे तयार मशीनमध्येही होणारच. ज्याने स्वतः जोडलंय तो आवाजावरून ओळखतो आणि घरच्या घरी दुरुस्त करतो. ज्याने जोडलेलं नाही तो मशीन खोक्यात घालून सेंटरवर नेतो. माझ्या मते शाळेसाठी घेणाऱ्यांनी तर किटच घ्यावं, आणि ते शिक्षकांनी नाही, मुलांनी जोडावं.

प्रश्न : मशीन चालतंय, छापतंय. पण सात-आठ स्क्रू उरलेत! (हडपसर)

चांगली किटं प्रत्येक मापाचे एक-दोन जादा देतात. उरलेले वेगवेगळ्या मापांचे असतील तर निश्चिंत राहा. सगळे एकाच मापाचे असतील तर कुठेतरी एक सांधा रिकामा आहे. पुस्तिकेत ते माप जिथे जिथे आलंय तेवढीच पानं उघडून मशीनशी ताडून बघा. तापणाऱ्या पाटाच्या खालच्या बाजूपासून सुरुवात करा. जादा स्क्रू चिठ्ठी लावून डबीत ठेवा आणि डबी मशीनच्या बुडाशीच असू द्या.

प्रश्न : जूनमध्ये किट येणार आहे. पावसाळ्यात जोडावं की थांबावं? (कोंढवा)

जोडा, थांबायचं कारण नाही. फक्त पोलादाचे गुळगुळीत दांडे पिशवीतून शेवटच्या क्षणी काढा, उघड्या बोटांनी कमी हाताळा आणि बसवण्याआधी काचेवर लोळवून बघा. खालून उजेड कमीजास्त होत असेल तर दांडा वाकडा आहे, तो बदलून मागा. सरळ असेल तर पुसून हलका तेलाचा हात द्या, शिलाई मशीनचं तेल चालेल. बेअरिंग दांड्यावर चढवताना तिरकं दाबू नका, आतल्या बारीक गोळ्या बाहेर पडतात. प्लास्टिकच्या तारेचं रीळ मात्र दमट हवेत ओल धरतं. मग छापताना तडतड आवाज येतो आणि वस्तूला केसासारखे धागे सुटतात. नायलॉनचं सगळ्यात जास्त, पीएलएचं त्या मानाने कमी. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर रीळ ठेवा. पुड्यांतले दाणे रंग बदलणारे घ्या. रंग पालटला की कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर परतून घेतले की पुन्हा वापरता येतात. ती कढई मात्र स्वयंपाकाला परत वापरायची नाही.